सालाझार सत्तेवर चढला तो नेमका कोणत्या पायऱ्यांनी?

मांडवीकाठ:

गोवा मुक्तिलढ्याबद्दल वाचताना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव पानोपानी येतं, पण हा माणूस मुळात खुर्चीपर्यंत पोचला कसा हे मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही. मुसोलिनीकडे काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या होत्या, हिटलरकडे पक्ष, मतं आणि भाषणं. इथे यातलं काहीच नाही. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा, सभेला नाखूश असलेला प्राध्यापक. १९२६ साली बंड केलं ते लष्कराने. मग सत्ता सेनापतींकडून याच्याकडे कशी आली आणि त्यांनी ती परत का घेतली नाही? "आर्थिक संकट होतं" एवढ्यावर कृपया थांबू नका, संकट तेव्हा अर्ध्या युरोपात होतं. कोणत्या टप्प्यावर कोणता अधिकार त्याच्या हाती लागला, असं क्रमाने कुणी सांगेल का?

जुनं दप्तर:

क्रम लावायचा तर १९२६ पासून नाही, १९१० पासून लावावा लागतो. सालाझारचं कर्तृत्व नंतरचं. आधी प्रजासत्ताकाने आपल्या बाजूची माणसं एकेक करून कशी घालवली ते बघा.

५ ऑक्टोबर १९१० ला राजा मॅन्युएल दुसरा पळाला आणि प्रजासत्ताक आलं. पहिला फटका चर्चला. एप्रिल १९११ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे केले, चर्चची मालमत्ता सरकारजमा, मिरवणुकांवर आणि घंटा वाजवण्यावरसुद्धा निर्बंध. लिस्बनच्या कॉफीगृहांत याचं कौतुक झालं. उत्तरेकडच्या खेड्यांत, जिथे गावचा पाद्री हाच एकमेव शिकलेला माणूस असायचा, तिथे सरकार म्हणजे शत्रू ठरलं. १९१७ मध्ये फातिमा या गावी मेरीमातेच्या दर्शनाची हाक उठली आणि हजारो लोक लोटले, तेव्हा हा राग किती खोल गेलाय ते दिसलं.

दुसरा फटका मतदाराला, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. १९११ च्या निवडणुकीत साक्षर माणसाला किंवा कुटुंबप्रमुखाला मत होतं. या पळवाटेतून एका विधवा डॉक्टरबाईने, कारोलिना बेआत्रिझ आंजेलुने, मतदानही केलं होतं. १९१३ च्या कायद्याने मत फक्त साक्षर पुरुषांना उरलं. देशात तीन चतुर्थांश लोक निरक्षर. मतदार साडेआठ लाखांच्या आसपास होते ते एकदम चार लाखांवर आले. ज्या राजवटीने राजाला हाकलून लोकांचं राज्य आणलं, तिनेच लोकांचं मत काढून घेतलं. कारण सरळ होतं: खेड्यातला निरक्षर मतदार पाद्री सांगेल तिथे मत देईल ही भीती.

तिसरी गोष्ट राज्यघटनेची. १९११ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करण्याचा अधिकारच नव्हता, तो १९१९ मध्ये आला. आफोंसो कोश्ताचा डेमोक्रॅटिक पक्ष जवळजवळ प्रत्येक निवडणूक जिंकायचा. म्हणजे विरोधकाला सत्तेवर यायचा सनदशीर रस्ताच नाही. मग रस्ता एकच, बराकीतला. सोळा वर्षांत पंचेचाळीसच्या आसपास मंत्रिमंडळं झाली ती पोर्तुगीज माणूस भांडखोर म्हणून नव्हे. पक्ष आतून फुटत होता आणि बाहेरून बदलता येत नव्हता.

१९१६ मध्ये हे सरकार पहिल्या महायुद्धात उतरलं. सुमारे ५५,००० सैनिक फ्लँडर्सला गेले आणि ९ एप्रिल १९१८ ला लिसच्या लढाईत त्यांचा चक्काचूर झाला. युद्धासाठी घाईघाईने भरलेले अधिकारी परत आले ते अपमान आणि थकलेल्या बढत्या घेऊन. मधल्या काळात सिदोनियु पाइश या मेजरने डिसेंबर १९१७ मध्ये बंड करून वर्षभर हुकूमशाही चालवून दाखवली. डिसेंबर १९१८ मध्ये लिस्बनच्या रोसियो स्टेशनात त्याचा खून झाला, पण नमुना तयार झाला होता.

आणि १९ ऑक्टोबर १९२१ ची रात्र. पंतप्रधान आंतोनियु ग्रांजु आणि त्याच्यासोबत मशादु सांतुशसारखा, १९१० च्या क्रांतीचा खुद्द नायक, यांना सशस्त्र टोळक्याने उचलून नेऊन मारलं. यानंतर मध्यमवर्ग प्रजासत्ताकासाठी रस्त्यावर येणं शक्यच नव्हतं.

खडा मसाला:

+१. कामगारांचं सांगायचं राहिलं. डिसेंबर १९१० च्याच हुकमाने संपाला मान्यता दिली, पण त्याच दमात मालकाला टाळेबंदीचाही हक्क. १९१९ ला कामगार संघटना एकवटल्या तोवर त्यांच्या लेखी हे सरकार आणि आधीचा राजा यांत फरक उरला नव्हता. २८ मे १९२६ ला जनरल गोमिश द कोश्ता ब्रागाहून निघाला तेव्हा वाटेत त्याला अडवायला कुणी आलं नाही, ते यामुळे.

ताळेबंद:

वरचं सगळं मान्य, पण चलनाचं आलं नाही. शिवाय त्यात एक गोम आहे, ती नीट पाहिली तर सालाझारची सगळी दंतकथाच हलते.

युद्धाआधी एका पौंडाला पाचएक एश्कुदु (पोर्तुगालचं चलन) पडत. युद्धखर्च भागवायला बँक ऑफ पोर्तुगालकडून सरकारने नोटा छापून घेतल्या, आणि १९२४ पर्यंत पौंड शंभर एश्कुदुंच्या बराच वर गेला. दहा वर्षांत महागाई वीस पटींहून जास्त. ज्यांचं उत्पन्न बांधीव, म्हणजे पगारदार, पेन्शनर, घरभाडं गोठवलेले घरमालक, सरकारी रोखे धरून बसलेली कुटुंबं, ते सगळे यात भाजून निघाले. लष्करी अधिकारीही पगारदारच, हे विसरू नका.

आता गोम. हे थांबवलं कुणी? सालाझारने नाही. १९२३-२४ मध्ये आल्वारु द काश्त्रुच्या सरकारने खर्च कापला, कर वाढवले, साठ्यातली चांदी विकली आणि १९२४ च्या उत्तरार्धापासून एश्कुदु सावरला. म्हणजे बंडाच्या वेळी चलन दीड वर्ष बऱ्यापैकी स्थिर होतं.

मग प्रजासत्ताकाला त्याचं श्रेय का मिळालं नाही? डिसेंबर १९२५ मध्ये आल्विश रैशचं प्रकरण फुटलं म्हणून. या गृहस्थाने बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाचे खोटे करार बनवले आणि लंडनच्या वॉटरलो अँड सन्सकडून, जे बँकेच्या खऱ्या नोटा छापायचे त्यांच्याचकडून, ५०० एश्कुदुच्या नोटा छापून घेतल्या. वास्को द गामाचं चित्र असलेल्या, दोन लाख नोटा पहिल्याच खेपेत. कागद खरा, ठसे खरे, शाई खरी. खोटी फक्त ऑर्डर. नोटा तपासून बनावट ठरेनात, एकाच क्रमांकाच्या दोन-दोन सापडल्या तेव्हा पत्ता लागला. त्या पैशातून त्याने स्वतःची बँक काढली आणि थेट बँक ऑफ पोर्तुगालचे शेअर विकत घ्यायला सुरुवात केली. कारण खोट्या नोटांची फिर्याद करण्याचा अधिकार त्या बँकेलाच होता! बँकेला सगळ्या पाचशेच्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. लोकांनी रांगा लावल्या आणि निष्कर्ष काढला: हे सरकार नोटसुद्धा सांभाळू शकत नाही. सहा महिन्यांत बंड.

मांडवीकाठ:

जबरदस्त. पण चलन सावरलं होतं तर १९२८ मध्ये लष्कराला प्राध्यापकाच्या दारात जावं का लागलं?

ताळेबंद:

तेच सांगायचं होतं. १९२८ चं संकट लष्कराने स्वतः केलं.

बंडानंतरचे सहा आठवडे म्हणजे संगीतखुर्ची. आधी नौदलाचा काबेसादश, १७ जूनला त्याला गोमिश द कोश्ताने काढलं, ९ जुलैला त्यालाही काढून आझोर्स बेटांवर पाठवलं आणि जनरल कार्मोना आला. सालाझारला जून १९२६ मध्येच अर्थखातं देऊ केलं होतं. तो आला, कोण कुणाचं ऐकतंय याचा पत्ता नाही हे पाहिलं आणि दोन आठवड्यांत कोइंब्राला परत गेला. १९२१ मध्ये खासदार म्हणून निवडून आला तेव्हाही त्याने हेच केलं होतं. अधिकाराशिवाय पद घ्यायचं नाही, हा त्याचा धडा तेव्हाच पक्का होता.

अर्थखातं गेलं जनरल सिनेल द कोर्दिशकडे. लष्करी राजवटीला लष्कर खूश ठेवणं भाग. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोर्तु आणि लिस्बनमध्ये मोठं उलटबंड झालं, तोफा डागून ते चिरडलं, आणि अशा वेळी कुठल्या रेजिमेंटचा खर्च कापणार? तूट फुगत गेली. मग राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) १ कोटी २० लाख पौंडांचं कर्ज मागितलं. राष्ट्रसंघाने अट घातली: खर्चावर आमचा देखरेख करणारा माणूस बसेल. ऑस्ट्रियाला आणि हंगेरीला अशीच कर्जं दिली होती. पण पोर्तुगालसारख्या वसाहती बाळगणाऱ्या देशाला हे नाकाला झोंबलं. तिकडे पॅरिसमध्ये बसलेले परागंदा प्रजासत्ताकवादी, खुद्द आफोंसो कोश्ता धरून, "बेकायदा सरकारला कर्ज देऊ नका" असा धोशा लावून होते. १९२८ च्या सुरुवातीला बोलणी फिसकटली.

यात दोन गोष्टी झाल्या. कर्ज नाही, म्हणजे आता काटकसरीशिवाय पर्याय नाही. आणि सालाझार महिनोन् महिने 'नोविदादिश' या कॅथलिक वर्तमानपत्रात सिनेल द कोर्दिशच्या जमाखर्चाची चिरफाड करणारे लेख लिहीत होता. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असताना आकडेमोडीची टीका तेवढी छापून येत होती. त्यामुळे "हिशेब कळणारा माणूस" म्हणून नाव एकच उरलं. परागंदा मंडळींनी कर्ज अडवून लष्कराला अडचणीत आणलं खरं, पण लाभ झाला तिसऱ्याला.

एप्रिल १९२८ च्या शेवटी तो अर्थमंत्री झाला, पण चार अटींवर. या धाग्याचा गाभा मला विचाराल तर इथे आहे.

एक, प्रत्येक खात्याने अर्थखातं ठरवून देईल त्या रकमेतच भागवायचं. दोन, कुठल्याही खात्याचा जो निर्णय राज्याच्या जमेवर किंवा खर्चावर परिणाम करेल तो आधी अर्थखात्याशी बोलून ठरवायचा. तीन, कोणत्याही खर्चवाढीला अर्थमंत्री नकार देऊ शकेल. चार, खर्च कमी करताना आणि वसुली करताना अर्थखातं इतर खात्यांना सहकार्य करेल, म्हणजे सगळीकडे शक्यतो एकच निकष राहील.

वाचायला कारकुनी वाटतं. पण दुसरी अट बघा. सरकारचा असा कोणता निर्णय आहे ज्याला पैसा लागत नाही? शाळा, रस्ता, तोफ, बढती, वकिलात, काहीही घ्या. पंतप्रधान दुसरा, राष्ट्राध्यक्ष दुसरा, आणि नकाराधिकार याच्याकडे. पदग्रहणाच्या भाषणात त्याने सांगूनही टाकलं की मला काय हवंय आणि मी कुठे चाललोय हे मला पक्कं ठाऊक आहे. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना ते बहुधा जमाखर्चापुरतंच वाटलं असावं.

तिरकस:

आणि ती प्रसिद्ध "पहिल्याच वर्षी शिल्लक"? तिच्यावर अजून लोक विश्वास ठेवतात.

ताळेबंद:

शिल्लक दाखवली, खोटी होती असं सरसकट म्हणणार नाही. कशी आली ते मात्र पाहा. विखुरलेले हिशेब एका अंदाजपत्रकात ओढले, सरकारी नोकरांच्या पगारावर खास कर बसवला, इतर कर वाढवले, बांधकामं रोखली. जादू नव्हती, नकार होता. पण कोणती रक्कम कोणत्या सदरात धरायची हे तोच ठरवणार, जाहीर तोच करणार आणि त्यावर लिहिणाऱ्याचा लेख सेन्सॉरकडे जाणार. जानेवारी १९३० मध्ये कुन्या लिआल या माजी पंतप्रधानाने, जो तेव्हा बँक ऑफ अंगोलाचा गव्हर्नर होता, सालाझारच्या धोरणावर जाहीर टीका केली. नोकरी गेली, आणि त्या वादात पंतप्रधान इव्हँश फेराशचं मंत्रिमंडळही गेलं. अर्थमंत्री जागेवर. पंतप्रधान जातो आणि अर्थमंत्री राहतो, तेव्हा सत्ता कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

जुनं दप्तर:

याची रंगीत तालीम सहा महिने आधीच झाली होती, जुलै १९२९ मध्ये. न्यायमंत्री मारियु द फिगैरेदु, सालाझारचा कोइंब्राचा मित्र, याने चर्चच्या घंटा आणि मिरवणुकांवरचे निर्बंध सैल करणारा आदेश काढला. मंत्रिमंडळातल्या जुन्या प्रजासत्ताकवादी अधिकाऱ्यांनी तो रद्द करून घेतला. फिगैरेदुने राजीनामा दिला, पाठोपाठ सालाझारने. तो तेव्हा पाय मोडून रुग्णालयात होता. राष्ट्राध्यक्ष कार्मोना स्वतः त्याच्या खाटेशी गेला आणि राहायची गळ घातली. तो राहिला, आणि सरकार पडलं ते पंतप्रधान विसेंत द फ्रैताशचं.

राजीनामा हे त्याचं हत्यार होतं. मुसोलिनीला रोमवर मोर्चा न्यावा लागला, याला फक्त "मी कोइंब्राची गाडी पकडतो" एवढी धमकी पुरत होती. ती चालायची कारण त्याच्यामागे कॅथलिक संघटना उभ्या होत्या, कोइंब्रात एकत्र राहिलेला मित्र सेरेजैरा १९२९ मध्ये लिस्बनचा कार्डिनल झाला होता, आणि लष्कराकडे दुसरा हिशेबनीस नव्हता.

रापणकार:

गोव्याचा भाग राहतोय म्हणून लिहितो. प्रजासत्ताकाला वर बरेच फटके बसले, पण गोव्यातल्या हिंदूंसाठी १९१० ही मोठी तारीख आहे. धर्मामुळे नाकारलेली बरोबरी कायद्याने मिळाली, सरकारी नोकऱ्या उघडल्या, गो. पुं. हेगडे देसायांचं 'भारत' १९१२ मध्ये सुरू झालं. गोव्यात आजही लागू असलेल्या कौटुंबिक कायद्यातला घटस्फोटाचा हुकूम ३ नोव्हेंबर १९१० चा, त्याच सरकारचा. त्यामुळे लिस्बनमधल्या मध्यमवर्गाला जे राज्य नकोसं झालं, त्याच्या मोडण्याचं दुःख मडगाव-पणजीत जास्त होतं.

आता पायरी. १९३० च्या पूर्वार्धात सालाझारने वसाहत खातंही हंगामी म्हणून स्वतःकडे घेतलं. कारण पुन्हा पैसाच: अंगोला कर्जात बुडालं होतं. जुलै १९३० मध्ये वसाहत कायदा आला. वसाहतींना परदेशातून कर्ज काढायला बंदी, १९२० नंतर मिळालेली स्वायत्तता खालसा. आणि दुसऱ्याच कलमात ठासून सांगितलं की सागरापार प्रदेश ताब्यात ठेवणं, वसवणं आणि तिथल्या मूळ रहिवाशांना सुसंस्कृत करणं हा पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ स्वभावाचाच भाग आहे.

यावर गोव्याच्या सरकारी मंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांसा यांनी त्याच महिन्यात ठराव मांडला की पोर्तुगीज भारत स्वयंनिर्णयाचा हक्क सोडत नाही. १९३० साली, तोंडावर. त्यांचं 'प्रकाश' हे पत्र १९३७ मध्ये बंद पडलं, बंद पाडलं गेलं. लिस्बनमध्ये हिशेबाच्या वहीतून सुरू झालेली गोष्ट गोव्यात अशी पोचली. पुढे १९६१ पर्यंत "वाटाघाटी नाहीत" हे जे धोरण राहिलं त्याचं मूळ या कायद्यात आहे. तो १९३३ च्या घटनेलाच जोडला होता, त्यामुळे गोवा सोडणं म्हणजे घटना मोडणं असं सालाझार म्हणू शकत होता.

मांडवीकाठ:

म्हणजे १९३० पर्यंत खजिना आणि वसाहती. पंतप्रधानपद १९३२. त्यानंतर जनतेने सार्वमतात घटना मंजूर केली असं वाचलंय. ते खरं सार्वमत होतं का? आणि सेनापतींनी परत का घेतलं नाही, ते अजून राहिलंच.

जुनं दप्तर:

सार्वमत आधी. १९ मार्च १९३३. नियम असा की जो मत द्यायला येणार नाही त्याचं मत "होय" धरायचं. सभा नाहीत, विरोधी पत्रक नाही. उघड "नाही" म्हणणारे निघाले सहा हजारांच्या आसपास. घरी बसलेला विरोधक आपोआप समर्थक झाला.

घटना ११ एप्रिलला लागू झाली. आठव्या कलमात भाषण, सभा, संघटना सगळी स्वातंत्र्यं लिहिलेली आहेत आणि खाली जोड: अमुक स्वातंत्र्यांचं नियमन खास कायद्यांनी होईल. त्याच दिवशी, ११ एप्रिललाच, पूर्वतपासणीच्या सेन्सॉरचा हुकूम निघाला. ऑगस्टमध्ये राजकीय पोलीस दल उभं राहिलं, १९४५ नंतर ते 'पीदे' म्हणून गोव्यात ओळखीचं झालं तेच. सप्टेंबरमध्ये कामगार कायदा, आणि १९३४ उजाडताच स्वतंत्र कामगार संघटना बेकायदा. १८ जानेवारी १९३४ ला मारिन्या ग्रांदच्या काच कामगारांनी उठाव केला, तो काही तासांत संपवला. त्याच वर्षी जुलैमध्ये रोलाँव प्रेतुच्या निळ्या सदरेवाल्यांवर बंदी. ते तर त्याच्याहून उजवे, हात उंचावून सलाम करणारे. रस्त्यावरची गर्दी त्याला स्वतःच्या बाजूचीही नको होती.

आता सेनापती. त्यांच्यात एकी नव्हती, हे पहिलं. काहींना राजा हवा होता, काहींना सुधारलेलं प्रजासत्ताक. १९३१ मध्ये मदैरा बेटावर आणि ऑगस्टमध्ये लिस्बनला बंडं झाली, दोन्ही फसली, आणि प्रत्येक वेळी प्रजासत्ताकवादी अधिकारी छाटले गेले. राजेशाहीवाल्यांचं परस्पर सुटलं: २ जुलै १९३२ ला माजी राजा मॅन्युएल इंग्लंडमध्ये निपुत्रिक वारला. तीन दिवसांनी, ५ जुलैला, सालाझार पंतप्रधान झाला. राजाला आणायचं म्हणणाऱ्यांकडे आणायला राजाच उरला नाही. दुसरं म्हणजे त्याने लष्कराचा मान राखला. राष्ट्राध्यक्षपद कार्मोनाकडे मरेपर्यंत, १९५१ पर्यंत, राहिलं. सरकारी पक्ष असलेला राष्ट्रीय संघ १९३० मध्ये काढला तोही वरून, नोकरशाहीतून; अधिकाऱ्यांना धाक वाटेल अशी समांतर फौज त्यात नव्हती. १९३६ मध्ये युद्धखातं मात्र त्याने स्वतःकडे घेतलं, म्हणजे बढत्याही.

गंमत अशी की घटनेत त्याला काढायचा साधा मार्ग होता. पंतप्रधान नेमणं आणि काढणं हा राष्ट्राध्यक्षाचा अधिकार, संसदेचा काही संबंध नाही. १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जनरल उंबेर्तु देलगादुला विचारलं, निवडून आलात तर सालाझारचं काय करणार? तो म्हणाला, अर्थातच, बडतर्फ करेन. देलगादुला हरवलं म्हणून जाहीर झालं आणि १९५९ मध्ये घटना बदलून अध्यक्षाची थेट निवडणूकच बंद केली. ते कलम वापरलं गेलं ते सप्टेंबर १९६८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आमेरिकु तोमाशकडून, सालाझार रुग्णालयात अत्यवस्थ असताना.